दुसरी चावी : आमची वाटचाल

धुळ्यात पारोळा रोडला आमचं दहा बाय बाराचं दुकान आहे. एक टेबल, एक कॉम्प्युटर, प्रिंटर आणि भिंतीला लोखंडी कपाट. जुनी गाडी विकणारा एक, घेणारा दुसरा. आम्ही मध्ये बसून कागद करतो. 'घाई असेल तर त्या बापूकडे जाऊ नको' असं आमच्याबद्दल मार्केटात बोललं जातं. ते खरंच आहे.

मी मूळचा ऑटो इलेक्ट्रिशियन. 2009 मध्ये मी माझी स्वतःची इंडिका सेंधव्याकडच्या एका माणसाला पंच्याऐंशी हजारांना दिली. पैसे रोख मोजून घेतले, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या केल्या आणि शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केली. मध्यस्थ आमच्याच गावचा. म्हणाला, "कागदं मंग करूत, बापू. पैसा भेटला ना?" भेटले होते. शेवभाजी खाऊन घरी आलो.

2011 च्या पावसाळ्यात पोस्टमन पाकीट घेऊन आला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस. माझ्या इंडिकाने एका मोटारसायकलवाल्याला उडवलं होतं, त्याचा पाय मोडला होता. गाडी तोवर तिसऱ्या हाताला गेलेली, विमा आठ महिन्यांपूर्वीच संपलेला आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव माझं. मी छाती पुढे काढून नोटरीचा कागद वकिलांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही. म्हणाले, "हा तुमच्या दोघांतला कागद. पाय मोडलेल्या माणसाला त्याचं काय?" शेवटी लोकअदालतीत एक लाख चाळीस हजारांवर तडजोड झाली. गाडी विकून आले त्यापेक्षा पंचावन्न हजार जास्त गेले. बायकोची पोत गहाण पडली ती वेगळीच.

पुढच्या वर्षी गॅरेजचं शटर ओढलं आणि हे दुकान उघडलं. रागानेच म्हणा.

पहिली दोन वर्षं फार वाईट गेली. आमच्या भागात गाड्यांचा खरा सीझन दिवाळीनंतरचा. कापसाचा पैसा हातात येतो, लग्नसराई तोंडावर असते, माणसाला आजच्या आज गाडी दारात हवी असते. त्यात मी म्हणायचो, "आरसीवर घेणाऱ्याचं नाव चढेपर्यंत गाडीची दुसरी चावी माझ्या कपाटात आणि दहा हजार अनामत." माणसं उठून जायची. एक शिरपूरचे आबा तर दारातून ओरडले, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" मी म्हटलं, "आबा, तुमच्यावर आहे. तुम्ही ज्याला पुढे विकाल त्याला मी ओळखत नाही." आबा गेलेच. पण पुढच्या वर्षी जावयाला घेऊन आले.

आमची पद्धत सांगतो. गाडी विकणाऱ्याने विक्री कळवायचा फॉर्म 29 भरायचा, दोघांनी मिळून नाव बदलायचा फॉर्म 30. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याला 30 दिवस. ही मुदत लोकांना माहीत नसते असं नाही, पण 'तो करून घेईल' या भरवशावर ती निघून जाते. आम्ही कोऱ्या फॉर्मवर सही घेतच नाही. नाव, पत्ता, तारीख भरून झाल्यावरच पेन हातात देतो.

मग चेसिस प्रिंट, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा ठसा. हे काम मी अजून स्वतः करतो. कोरलेला नंबर फडक्याने पुसायचा, त्यावर पेन्सिलीचं शिसं घासायचं, पारदर्शक चिकटपट्टी अंगठ्याने दाबून अलगद उचलायची आणि फॉर्मवर लावायची. आकडे स्पष्ट उमटतात. कोरलेल्या नंबरवर नख फिरवल्यावर एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा उथळ लागला, तर मी काम थांबवतो. बारा वर्षांत दोनदाच थांबवलंय, दोन्ही वेळा गिऱ्हाईकाने परत फोन केला नाही.

ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहितो, अगदी मिनिटासकट, आणि मीटरचं रीडिंग. पावतीवर संध्याकाळचे 5:40 असतील, तर त्यानंतर कॅमेऱ्यात पडलेलं दंडाचं चलन कोणाचं, हे त्या पावतीवरून ठरतं. आधीची सगळी ई-चलनं विकणाऱ्याने भरायची. बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 आल्याशिवाय इसारसुद्धा घेऊ देत नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. आयकराच्या कायद्यात जेवढी घेतली तेवढा दंड आहे. ऑनलाइन पैसे आले की समोरच्याच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट बघायचा नाही, आपल्या बँकेचं खातं उघडून बघायचं.

फास्टॅगचं मला उशिरा सुचलं. साक्रीच्या एका मास्तरांची गाडी भुसावळला गेली. महिनाभर मास्तरांना नशिराबाद नाक्याचे पैसे कापल्याचे मेसेज. त्यांना वाटलं, आपल्याला कोणी फसवतंय. आता टॅग बंद केल्याची खात्री चहाच्या आधी.

विम्याचंही तसंच. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचं संरक्षण कायद्याने गाडीबरोबर जातं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी नव्या मालकाने 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करायला हवा. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र विकणाऱ्याचा. त्याचं पत्र घेतलं तर तीन वर्षांत दुसऱ्या गाडीला लागतो. हे सांगितलं की विकणारा पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसतो.

आमचं गाव मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन्ही हमरस्त्यांवर. त्यामुळे राज्याबाहेरचे सौदे खूप. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरतेहून आलेली माणसं गुजरातच्या जीजे पासिंगच्या गाड्या आणतात आणि इथेच भावकीत विकून बसने परत जातात. अशा गाडीला आधी तिकडच्या आरटीओची एनओसी, फॉर्म 28, मग इथला कर आणि नवीन नंबर. एनओसी निघाली म्हणजे आपलं नाव निघालं असं मात्र नव्हे. दुसऱ्या राज्यात नोंद होईपर्यंत गाडी जुन्या मालकाच्याच नावावर राहते. माझा सगळ्यात जास्त आवाज याच वाक्यावर चढतो.

फेब्रुवारी 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल पेपरात आला. 2007 मध्ये विकलेली गाडी, 2009 मध्ये अपघात, मध्ये बरेच हात बदललेले. कोर्टाने जबाबदार धरला तो आरसीवर नाव असलेला पहिला मालक. मी ते कात्रण लॅमिनेट करून टेबलामागे लावलं. त्यानंतर भांडणं निम्म्याने कमी झाली. माझ्या तोंडचं ऐकत नव्हते, कात्रणाचं ऐकतात.

2023 च्या एप्रिलपासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याचा आणि गाडी ताब्यात आली की ते कळवणारा फॉर्म 29सी भरण्याचा नियम आला. नियम चांगलाच आहे. तेव्हा बाहेरच्या शेडमध्ये आम्ही दोन-तीन गाड्या ठेवायचो. मुलाने हिशेब मांडला, आणि ठेवणं बंद केलं. आता गाडी मालकाच्या दारात, आम्ही कागदांपुरते. ट्रायलला मालकाने स्वतः शेजारी बसायचं, आणि गिऱ्हाईकाच्या लायसनचा फोटो आधी.

गेल्या वर्षी पारोळ्याच्या एक काकू पुतण्याला घेऊन आल्या. गाडी वारलेल्या काकांच्या नावावर. पुतण्याने फॉर्मवर काकांची सही घरूनच करून आणलेली, हुबेहूब. "ओटीपीचं टेन्शन नाही बापू, काकांचं सिम चालू आहे." मी फॉर्म त्याच्यासमोर फाडला. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, वारसाच्या नावावर करायचा फॉर्म 31 करून गाडी आधी काकूंच्या नावावर घेतली, मग विकली. दोन महिने गेले. पहिलं गिऱ्हाईक तुटलं, दुसऱ्याने वीस हजार कमी दिले. पुतण्या अजून रस्त्यात भेटला तर बोलत नाही. काकूंनी मात्र हिवाळ्यात डबाभर भरीत आणि कळण्याच्या भाकरी पाठवल्या.

आज कपाटात अकरा चाव्या आहेत. प्रत्येकीला गाडीचा नंबर लिहिलेला पुठ्ठा बांधलाय. दहांची कामं चालू आहेत. अकरावी चोपड्याच्या एका अण्णांची. नाव चढून तीन वर्षं झाली, अनामतही घेऊन गेले, पण चावी नेत नाहीत. म्हणतात, "तिथंच राहू दे, माझ्याकडून हरवते."