राजाराम बंधाऱ्यावर आज किती फूट?

जुलै महिना लागला, की आमच्या कोल्हापुरात माणसे एकमेकांची खुशाली विचारण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आकडे येथील शाळकरी पोरांनाही पाठ असतात, आणि आज किती बंधारे पाण्याखाली गेले यावरून गगनबावड्याकडच्या पावसाचा अंदाज घरबसल्या बांधला जातो. (कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरल्यावर बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाआधी ते काढून नदी मोकळी करतात, त्यामुळे बंधारा पाण्याखाली जाणे ही बातमी असली, तरी संकट नव्हे, हे बाहेरगावच्या नातेवाइकांना दरवर्षी फोनवर नव्याने सांगावे लागते.)

२००५ च्या पुरात पंचगंगा पन्नास फुटांच्या आसपास गेली होती, तेव्हा शुक्रवार पेठेतील आमच्या घराच्या सोप्यात कमरेएवढे पाणी आले. पाणी ओसरल्यावर वडिलांनी भिंतीवरच्या ओलीची खूण पाहून विजेचा मीटर आणि सगळे बोर्ड त्या खुणेच्या दोन फूट वर नेले, धान्याची पिंपे ठेवायला उंच कट्टा बांधून घेतला आणि आता पुराची काळजी मिटली, असे आजीला सांगितले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फूट ७ इंचांवर पोहोचली. मीटर बुडाला, बोर्ड बुडाले आणि एक रिकामे पिंप तरंगत जाऊन तुळईला टेकले. पाणी उतरताना ते जिन्याच्या कठड्यात असे अडकून बसले, की काढण्यासाठी कठड्याचा एक गज कापावा लागला. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५६ फूट ३ इंच झाले, म्हणजे आधीच्यापेक्षा आणखी आठ इंच वर. या खेपेस मीटर तुळईच्याही वर न्यायचा, तर तो वरच्या मजल्यावरच न्यावा लागणार होता, आणि वडिलांनी तो निमूटपणे तेथे नेला.

गेल्या पुराची खूण हीच नदीची शेवटची मर्यादा, असे धरून चालण्याची सवय केवळ आमच्या घराची नाही. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी येथील लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा देण्यात आल्या. परंतु शेत आणि गोठे जुन्याच गावठाणात असल्याने पुष्कळ कुटुंबे तेथेच राहिली आणि २०१९ मध्ये त्यांना बोटींतून बाहेर काढावे लागले. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. मात्र म्हशींची धार पहाटे गोठ्यातच काढावी लागते, आणि तो गोठा घरापासून काही किलोमीटर दूर असून चालत नाही, हे पुनर्वसनाचा नकाशा आखताना कोणी तरी लक्षात घ्यायला हवे होते.

पुराचा विषय निघाला, की चौकाचौकांत दोनच गुन्हेगार सापडतात, आपले राधानगरी धरण आणि कृष्णेवरचे कर्नाटकातील अलमट्टी धरण. राधानगरीचे सातही स्वयंचलित दरवाजे एकदम उघडले, तरी प्रत्येकी १४२८ क्युसेक या हिशेबाने त्यांतून सुमारे दहा हजार क्युसेक पाणी येते. महापुरात राजाराम बंधाऱ्यावरून वाहणारे पाणी याच्या कितीतरी पट असते. उरलेले पाणी कोठून येते, तर कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या खोऱ्यांत धरणांच्या खाली पडणाऱ्या पावसातून, आणि ते अडवायला कोणतेच दार नाही. घाटावरून वेगाने उतरणारे हे पाणी चिखलीच्या संगमापुढे सपाट मुलखात येऊन रेंगाळते, आणि पुढे नृसिंहवाडीला, जेथे पंचगंगा कृष्णेला मिळते, तेथे कृष्णा आधीच तुडुंब असली, तर ते मागे फुगत राहते. वाडीला दत्तमंदिरात शिरलेले पाणी दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, त्या दक्षिणद्वार सोहळ्याला भाविकांची गर्दी होते, तेव्हा शहरात आम्ही पायऱ्यांवर इंच मोजत असतो.

अलमट्टीविषयी मी थोडे सावधपणे बोलतो. २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचे खापर अलमट्टी किंवा कर्नाटकातील हिप्परगी बंधाऱ्यावर फोडले नाही. साठ्याची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्याच्या कर्नाटकाच्या प्रस्तावाला विरोध जरूर व्हावा, त्याचा काटेकोर अभ्यासही व्हावा; परंतु त्या विरोधाच्या आडोशाला आपण आपल्या हद्दीत जे करून ठेवले आहे, ते लपवू नये.

ते पाहायला लांब जावे लागत नाही. शिरोलीजवळ महामार्गाचा भराव पुराच्या पाण्याला आडवा पडलेला आहे. तो काढून तेथे कमानी कराव्यात, ही मागणी मला रास्त वाटते. नदी चढली, की जयंती नाल्याचे पाणी उलटे फिरून शहरात घुसते, आणि त्या नाल्याचे काठ आपणच आवळत आणले आहेत. २०१९ चा पूर गणेशोत्सवाच्या तोंडावर आला, तेव्हा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात रंगाची वाट पाहणाऱ्या मूर्ती जागच्या जागी विरघळल्या. कुंभारांचा हंगाम आणि नदीचा हंगाम एकच आहे, त्यामुळे ही धास्ती त्यांना दरवर्षीचीच.

पुढच्या काळाविषयी छातीठोक बोलणे कठीण आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात सर्वदूर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आपला जिल्हा त्या पट्ट्यात मोडत नाही. परंतु त्या पावसाला बाष्प पुरवणारा अरबी समुद्र आपल्या सह्याद्रीच्या पलीकडेच आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, या दोन्ही मागच्या पावसाच्या नोंदींवरूनच आखल्या जातात, म्हणजे आमच्या वडिलांच्या मीटरसारख्याच.

मागच्या महिन्यात मावसभावाला प्लॉट दाखवायला म्हणून एक एजंट आम्हाला नदीकडच्या बाजूला घेऊन गेला. उसाच्या शेतात मुरमाचे डंपर ओतून जमीन चार फूट वर उचललेली होती, चुन्याच्या फक्क्या मारलेल्या होत्या, आणि 'हितं पाणी येत न्हाई साहेब' हे वाक्य त्याने आम्ही न विचारता तीनदा उच्चारले. भाऊ पश्चिमेचा वारा आणि रस्त्याची रुंदी पाहत होता. बांधावर एक बाभळ होती. तिच्या फांद्यांत माझ्या डोक्याच्या बरेच वर वाळलेला उसाचा पाला, लव्हाळ्याचे झुबके आणि खताच्या पिशवीची एक चिंधी अडकलेली होती, आणि सगळ्यांची टोके एकाच दिशेला, नदीच्या वाहत्या अंगाला वळलेली होती. मी भावाला नुसते वर बोट दाखवले. तो बराच वेळ त्या फांदीकडे पाहत उभा राहिला आणि मग एजंटला म्हणाला, 'चला, दुसरा दाखवा.'