बेसाकडे प्लॉट घेऊ का?

कोणी ना कोणी विचारतंच, भाऊ तुम्ही त्याच बाजूला राहता ना, नागपूरला लागून बेसाकडे प्लॉट स्वस्त मिळून राहिला, घेऊ का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भाव राहू द्या बाजूला, आधी आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, आहे का ते विचारा.

आपल्या नागपुरात शेताचे तुकडे पाडून स्टॅम्प पेपरवर विकले, लोकांनी पोटाला चिमटा काढून घरं बांधली आणि रस्ता, नळ, गडर लाइन सगळं नंतर बघू म्हटलं. ते ५७२ लेआऊट, १९०० लेआऊट म्हणतात ना, ते हेच, आकडा म्हणजे अशा लेआऊटची संख्या. २००१ मध्ये असे प्लॉट नियमित करायचा गुंठेवारीचा कायदा आला, मग डिमांड, म्हणजे मागतील ती रक्कम, भरा, आरएल घ्या. आरएल नाही तर घराच्या नकाशाची मंजुरी अडते, बँकेचं लोन अडतं.

आणि नुसतं अंतर बघून ठरवू नका बापा. मनीष नगर महापालिकेत, तिथून पुढे गेलं की बेसा-पिपळा नगर पंचायत, रस्ता तोच पण पाणी कोणाला मागायचं ते बदललं. आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, मे महिन्यात बोअर आटली की टँकरचा हॉर्न ऐकूनच उठतात, पाइप आधीच अंगणातल्या टाकीत सोडून ठेवलेला, कारण टँकरवाला थांबत नाही आणि पाइप लावेपर्यंत बाजूच्यांची रांग लागते. शहरात नळाखाली बादली लावून झोपणाऱ्याला हे नाही कळायचं.

ब्रोकर म्हणेल मेट्रो दहा मिनिटांवर. मेट्रो चांगलीच आहे, २०२२ च्या डिसेंबरात खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर दोन्ही लाइन पूर्ण झाल्या. पण बेसाच्या जवळची खापरीची लाइन वर्धा रोडवरून जाते, मधे रेल्वे लाइन, स्टेशनवर जायलाच गाडी काढावी लागते आणि एकदा गाडी काढली की माणूस सरळ बर्डीलाच, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातच, जातो ना, पार्किंगसाठी कोण थांबणार! ज्यांच्याकडे गाडी नाही, म्हातारे, कॉलेजची पोरं, कामाला जाणाऱ्या बाया, त्यांचं काय ते ब्रोकरच्या हिशेबात नसतंच.

म्हणून घ्यायचाच असेल तर प्लॉट बघायला फेब्रुवारीत नका जाऊ, तेव्हा सगळंच छान दिसतं. जुलैत पाऊस पडून गेल्यावर जा, काळ्या मातीत गाडी आतपर्यंत जाते का बघा. आणि मे मध्ये तिथल्या किराणावाल्याला विचारा, पाण्याच्या कॅन रोज किती जातात.