टकटक सप्पळ

मशीन कुठल्याही कंपनीचं असो, बेळगावात ते झेरॉक्सच. आणि ते आवाज करायला लागलं की भाषेचा प्रश्न मिटतो. क्लार्क फोनवर मराठीत ‘टकटक’ म्हणतो, पलीकडून मेकॅनिक कन्नडात ‘टकटक सप्पळ?’ (सप्पळ म्हणजे आवाज) असं विचारतो, आणि दोघांनाही एकच दुखणं ऐकू येतं.

फक्त आवाज कसा येतो एवढंच सांगितलं जातं, कधी येतो ते राहून जातं. खरी मेख त्या ‘कधी’त आहे. कागद ड्रॉवरमधून उचलला जातो, क्षणभर थांबतो, टोनरच्या म्हणजे काळ्या पावडरीच्या प्रतिमेचा ठसा देणाऱ्या ड्रमखालून सरकतो, तापलेल्या रोलरांतून दाबून निघतो. आवाज यातल्या कुठल्या पायरीला आला, हे कान देऊन ऐकलं की बहुतेकदा झाकण उघडायच्या आधीच रोग कळतो.

उचलतानाच ‘कुईं’ आलं तर पिकअप रोलर. त्याच्या रबरावर कागदाची भुकटी बसून ते गुळगुळीत होतं, कागदावरून घसरतं आणि घसरताना कण्हतं. खात्री करायला तेच पान बाजूच्या बायपासमधून, म्हणजे हाताने पान सरकवायच्या जागेतून, घाला. तिथून गप्प गेलं तर दोष ड्रॉवरच्या रोलरचा. पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या कापडाने तो फिरवत पुसा, वाळू द्या. सँडपेपरने घासलेला रोलर चार दिवस बरा चालतो, नंतर आणखी बिघडतो.

खानापूरकडच्या पावसात मात्र रोलरला उगाच शिव्या बसतात. 500 पानांची रीम फोडून टेबलावर ठेवली की कागद हवेतला ओलावा पितो, मऊ पडतो आणि आत वळताना कुरकुरतो. अशा कागदाची वाफ बाहेर येताना दिसते, पान लाटेसारखं वाकतं. लागतील तेवढीच पानं काढा, उरलेली वेष्टनासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. काही मशीनला ड्रॉवरखाली छोटा हीटर असतो, त्याचं बटण वेगळं. पावसाळ्यात ते चालू आहे का एवढं बघायचं कुणाला सुचत नाही.

ठेक्यात येणारा आवाज सगळ्यात प्रामाणिक. बऱ्याच लहान मशीनमधला ड्रम 30 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे त्याचा एक फेरा साधारण 94 मिलिमीटरचा. उभं ए-फोर पान 297 मिलिमीटर. एका पानात तीनदा ‘टक’ ऐकू आलं तर संशय ड्रमवर. कॉपीवर ठिपका किंवा डाग उमटत असेल तर पट्टी लावा. दोन डागांत 94 भरले की कोर्टात चालेल असा पुरावा झाला. आणि ड्रमपाशी ठेका नसलेली, सलग किंचाळी असेल तर ती ब्लेडची. ड्रमवरची उरलेली पावडर खरवडणारी ही रबरी पट्टी कोरडी पडली की ओरडते. नवी बसवताना तिच्या कडेला टोनरची पावडर भुरभुरतात ती त्यासाठीच.

दहा-पंधरा पानं झाल्यावर, मशीन तापल्यावर सुरू होणारी चूं-चूं फ्युजरच्या, म्हणजे त्या तापलेल्या रोलरांच्या, बुशची. तिथे 180 अंशांच्या आसपास उष्णता असते, म्हणून उष्णतेला टिकणारं ग्रीसच चालतं. शिलाई मशीनचं तेल तिथे जळतं आणि रबरावर ओघळलं तर रबर फुगवतं. खोबरेल तर नकोच! प्लग काढून अर्धा तास थांबल्याशिवाय हात घालू नये.

सकाळी चालू केल्यावरची घरघर, पान सुटतानाची क्लचची ‘टक’, काम थांबल्यावरही फिरणारा पंखा, हे सगळं निरोगी. काचेखालून सरकणारा दिवा खरखरला तर दांडीला ग्रीस हवं, बस्स.

पण जड ‘कडकड, कडकड’ आली तर उरलेली कॉपी पुरी होऊ देण्याचा मोह आवरा. बहुधा वाया गेलेल्या टोनरची वाट तुंबलेली असते. मोटर ढकलत राहते आणि प्लॅस्टिकच्या गिअरचे दात एकावर एक उड्या मारतात. या क्षणी बंद केलं तर डबी रिकामी करून भागतं, जमिनीच्या उताऱ्याच्या आणखी चार प्रती काढल्या तर गिअर बदलावा लागतो. आणि उतारा वरच्या, पानं आपोआप ओढणाऱ्या फीडरमध्ये घालण्याआधी त्याची पिन काढली होती ना?