बाजरी-मेथीची ढेबरी: पाच खेपांची नोंद

ठेपला आणि ढेबरं यांत घोळ होतो, म्हणून आधी तेवढं मोकळं करू. ठेपला मुख्यतः गव्हाचा, पातळ लाटलेला, प्रवासाचा. ढेबरं बाजरीचं, जाडसर, हातावर किंवा कपड्यावर थापलेलं आणि आंबट-गोड-तिखट. गुजरातीत ‘ढेबरुं’, अनेकवचन ‘ढेबरां’. गुजरातेतल्या चरोतरकडे (आणंद-खेडा भागात) हिवाळ्यात मेथी आली की घरोघर होतात. आपल्या थालीपीठ-धपाट्यांवर हात बसलेला असेल तर थापण्याचं अर्धं काम आधीच येतं. अडतं ते पाण्यापाशी.

आता धरलेलं माप, साधारण ११ ढेबरी:

बाजरीचं पीठ २०० ग्रॅम, कणीक ५० ग्रॅम, निवडून चिरलेली मेथी ८० ग्रॅम, आंबट दही ९० ग्रॅम, किसलेला गूळ २५ ग्रॅम, तेल २ मोठे चमचे, तीळ दीड मोठा चमचा, ओवा अर्धा चहाचा चमचा, ४ हिरव्या मिरच्या आणि इंचभर आल्याचं वाटण, हळद अर्धा चमचा, लाल तिखट १ चमचा, धणे-जिरे पूड १ चमचा, हिंग चिमूटभर, मीठ ७ ग्रॅम. आवडत असेल तर लसणाच्या ६ पाकळ्या; जैन आणि वैष्णव घरांत हा प्रश्नच येत नाही. तेल शेंगदाण्याचं असेल तर चव जास्त जवळची येते.

खेप १. निव्वळ बाजरी, कणीक नाही, पोळपाटावर लाटून. कडा सगळीकडून फाटल्या, उचलताना तीन तुटली. बाजरीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, त्यामुळे लाटण्याचा ताण पीठ सोसत नाही. पण सगळा दोष तिथेच नव्हता. पीठ तीन आठवड्यांचं होतं, विरी (पिठाचा चिकटपणा) गेलेलं. चिमूटभर पीठ गरम पाण्यात मळून बोटांनी दाबलं की लगेच चिरा पडतात, ती खूण. जिभेवर कडवट लागलं तर मात्र त्याचं काहीच करता येत नाही, टाकून द्यायचं. बाजरीत सुमारे ५ टक्के स्निग्धांश असतो. दळताना तो उघडा पडतो आणि दाण्यातल्याच विकरांमुळे लवकर खवट होतो. तो कडूपणा मेथीच्या नावावर खपवू नका, मेथीचा कडू घशात राहत नाही. गिरणीतून एका वेळी अर्धा-पाऊण किलोच दळून आणावं आणि हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावं.

विरी कमी झालेली, पण चव चांगली असं पीठ असेल तर ६० ग्रॅम पीठ ६० मिली उकळत्या पाण्यात कालवून झाकून ठेवायचं. स्टार्च फुगून चिकट होतो, तोच बांधतो. ही उकड घातली की दही ७० ग्रॅमवर आणायचं, नाहीतर पीठ सैल होतं.

खेप २. इथून खरा धडा सुरू झाला. सगळं एकत्र करून थोडं थोडं पाणी घालत भाकरीच्या पिठाइतपत मऊ मळलं आणि पोळीच्या कणकेच्या सवयीने २५ मिनिटं झाकून ठेवलं. उघडलं तर पीठ परातीला चिकटलेलं. मीठ लागल्यावर मेथी पाणी सोडते, गूळ विरघळून पातळ होतो, आणि हे दोन्ही मळून झाल्यावर घडतं. मग वरून कोरडं पीठ घातलं, म्हणजे मीठ-मसाला फिका पडला आणि ढेबरी आतून भगराळ झाली.

त्यानंतर क्रम उलटा केला. परातीत मेथी, मीठ, वाटण, किसलेला गूळ आणि दही एकत्र कालवून १० मिनिटं तसंच ठेवायचं. गूळ पूर्ण विरघळला पाहिजे. खडा राहिला तर तव्यावर तिथेच काळा डाग पडतो आणि ढेबरं तव्याला चिकटतं. मग तेल, तीळ, ओवा, कोरडे मसाले आणि शेवटी दोन्ही पिठं. आधी पाणी न घालता गोळा होतो का पाहायचं. बहुतेक वेळा १० ते ३० मिली पाणी पुरतं. मेथी कोवळी आणि ताजी असेल तर तेही लागत नाही. गोळा दाबल्यावर कडेला बारीक चिरा दिसल्या तर आणखी चमचाभर पाणी, बोटाला लागला तर थांबायचं. मळून झाल्यावर ५ मिनिटांत थापायला घ्यायचं.

मेथीला मीठ लावून, पिळून पाणी टाकून देण्याची पद्धत दिसते. ती इथे नको. कडूपणा थोडा जातो, पण वास त्याहून जास्त जातो. कडू कापायचं काम दही आणि गूळ करतात, म्हणून दही दोन दिवसांचं आंबट हवं. मुंबईतली समुद्रमेथी (वाळूत वाढवलेली बारीक मेथी) वापरली तर ८० ऐवजी ६० ग्रॅम पुरे. ती जास्त उग्र असते आणि वाळू निघेपर्यंत चार-पाच पाण्यांतून काढावी लागते. धुतलेली मेथी कपड्यावर पसरून कोरडी केल्याशिवाय चिरू नका, वरचं माप बिघडतं.

खेप ३. पीठ जमलं, तवा चुकला. भाकरीइतका तापवला, तर गुळामुळे वरून मिनिटात करपलं आणि आत कच्चं राहिलं. लोखंडी तवा मध्यम आचेवर, एक बाजू कोरडी ४५ सेकंद, उलटून कडेने अर्धा चमचा तेल, पुन्हा उलटून तेवढंच. कडा उलथन्याने दाबायच्या. एका ढेबऱ्याला एकूण अडीच ते तीन मिनिटं लागतात, घाई केली की चव पिठूळ लागते. झाकण ठेवायचं नाही. थालीपीठासारखी भोकंही पाडायची नाहीत.

खेप ४. ४५ ग्रॅमचा उंडा, १२ ते १३ सेंटिमीटर व्यास, जाडी ३ मिलिमीटर. दुधाची पिशवी उघडी कापून तिच्यावर तेलाचा हात लावून थापलं, वरून थोडे तीळ दाबले. ओल्या कपड्यावरही जमतं, पण कपडा गच्च ओला असेल तर खालची बाजू चिकट होते. ५० ग्रॅम कणकेमुळे उचलताना एकही तुटलं नाही. कणीक ८० ग्रॅमपर्यंत वाढवून पाहिली: लाटता येतात, पण चिवट होतात आणि ठेपल्याकडे झुकतात. आमच्या मते ५०च्या पुढे जाऊ नये.

गरम ढेबरी एकावर एक रचली की घाम सुटून खालची लगदा होतात. जाळीवर किंवा कपड्यावर सुटी गार करायची, मग डब्यात. थंडीत दोन दिवस, उन्हाळ्यात एकच. प्रवासाला न्यायची तर पाणी अजिबात नाही, लागलंच तर जास्तीचं चमचाभर तेल. फ्रिजमध्ये बाजरी लवकर कडक होते. खाताना तव्यावर तेलाचे दोन थेंब टाकून गरम करावी. सोबत दही किंवा छुंदा (किसलेल्या कैरीचं गोड लोणचं).

खेप ५. त्याच पिठाचे तळलेले वडे. श्रावण वद्य षष्ठीला, म्हणजे रांधण छठला, करून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी शीतला सातमीला चूल न पेटवता गारच खातात. इथे दही ७५ ग्रॅम, पाणी नाही, ६ सेंटिमीटरचे वडे, जाडी ५ मिलिमीटर. तेल फार तापलं की वरून गडद होतात आणि आत ओल राहते, ती दुसऱ्या दिवशी आंबते. मध्यम तेलात पहिल्या बाजूला बुडबुडे मंदावेपर्यंत हलवायचं नाही. पहिल्या घाण्यातले दोन फुटले: गूळ ३५ ग्रॅम झाला होता. २५वर आणल्यावर थांबलं.

पुढे पालक आणि मुळ्याचा पाला करून पाहायचे आहेत. पालक मेथीहून कितीतरी पाणीदार, म्हणून दही ६० ग्रॅमपासून सुरुवात.