कावळ्याचा उकार

अरबी येत नसताना अरबी कविता ऐकणं हा निव्वळ रिकामटेकडा छंद आहे, आणि तो मला जडलाय. मेथी निवडायला बसलं की मोबाइलवर एखादा जुना कसीदा, म्हणजे एकाच यमकाची लांबलचक कविता, लावून द्यायचा. अर्थाच्या नावानं शंख, पण चार ओळींत कान टवकारतात: प्रत्येक बैत, म्हणजे दोन चरणांची ओळ, त्याच एका अक्षरावर येऊन टेकतोय. इस्लामपूर्व काळातला कवी इम्रुल कैस याच्या मुअल्लका या गाजलेल्या कसीद्यात ऐंशीच्या आसपास बैत आहेत आणि सगळे 'लि'वर संपतात. आपल्या मोरोपंतांना निदान प्रत्येक आर्येला नवं यमक घ्यायची मुभा होती!

या कवितांना बहुधा शीर्षक नसायचं. शेवटच्या अक्षरावरूनच त्या ओळखायच्या. शन्फरा या कवीची ती लामिय्या, म्हणजे 'ल'वर संपणारी; बुहतुरीची ती सीनिय्या, 'स'वर संपणारी. बुहतुरीची कविता इराकमधल्या मदाइनच्या पडक्या इराणी महालावर आहे आणि तिच्या कडव्याकडव्यातून 'स' सुसाटत जातो. तो मुद्दाम निवडला की ओघात आला, कोण सांगणार? मला मात्र ती ऐकताना भिंतीतल्या फटी दिसतात.

एवढी यमकं पुरतात कशी, याचं उत्तर त्या भाषेच्या घडणीत आहे. तिथं धातू साच्यात ओतून शब्द पाडतात. मशहूर, मजकूर, मंजूर हे आपल्या कचेऱ्यांतही येऊन बसलेले शब्द एकाच साच्यातले. तिन्हींचा नाद जुळतो आणि अर्थाची ठेवणही: गाजलेला, उल्लेखलेला, पाहिलेला.

पण खरी गंमत नाबिगा अज़्-ज़ुब्यानीच्या गोष्टीत आहे. सहाव्या शतकातला हा मोठा कवी. त्याच्या एका कवितेचे बैत 'दि'वर संपत होते. मध्येच एके ठिकाणी, उद्या प्रियेची ताटातूट होणार हे 'काळ्या कावळ्यानं सांगितलं', अशी ओळ आली. (आपल्याकडे कावळा ओरडला की पाहुणा येतो, त्यांच्याकडे माणूस जातो.) कावळा कर्ता, म्हणून व्याकरणानं त्याच्या विशेषणाला उकार दिला: 'अस्वदु'. सगळीकडे वेलांटी आणि इथंच उकार! या दोषाला इक्वा म्हणतात. नाबिगाला तो जाणवलाच नव्हता. एवढ्या मोठ्या कवीला तोंडावर सांगणार कोण? यस्रिबच्या, म्हणजे आजच्या मदीनेच्या लोकांनी म्हणे एका गायिकेला तीच कविता गायला सांगितली. तिनं शेवटचे स्वर लांबवले. 'दीऽऽ' 'दीऽऽ' करता करता 'दूऽऽ' आला आणि कवी चपापला.

त्यानं ओळ बदलली. आता 'काळ्या कावळ्याच्या ओरडण्यानं' ती बातमी दिली. कर्तेपण ओरडण्याकडे गेलं, कावळा षष्ठीत सरकला आणि उकाराची निमूट वेलांटी झाली: 'अस्वदि'.

यमकापायी अर्थाची ओढाताण होते, अशी तक्रार आपण नेहमी करतो. पुष्कळदा ती खरीही असते. या ओळीपुरती मात्र मला दुरुस्तीच अधिक आवडते. पहिल्या ओळीतल्या कावळ्याला सगळं ठाऊक होतं, तो निरोप्या होता. दुसऱ्या ओळीतला नुसताच ओरडतोय, त्याला कशाचा पत्ता नाही. ताटातुटीची बातमी ऐकणाऱ्यानंच त्या ओरडण्यात ऐकली.