आज आप्पांचा दहावा झाला

सकाळी रामकुंडावर होतो सगळे. २०११ ला मी जातीबाहेर लग्न केलं तेव्हा आप्पा म्हणाले होते, आजपासून आम्हाला एकच मुलगा. ते वाक्य मी इतकी वर्षं उराशी धरून बसले होते. माझी डिलिव्हरी झाली तेव्हाही आले नाहीत, आई एकटी एसटीने आली डिंकाचे लाडू घेऊन आणि फोन वाजला की दचकायची.

आज पिंड ठेवले आणि कावळा काही शिवेना. शेजारच्यांच्या पिंडाला लगेच शिवला, आमच्याकडे फिरकेना. दादाने हात जोडून सांगितलं आईला मी सांभाळतो, काका शेतीचं बोलले, ऊन चढलं, आणि मग आईने काही न बोलता माझ्याकडे बघितलं. आधी रागच आला खरं तर, म्हणजे आताही मीच का?? पण पुढे गेले आणि तोंडातून एवढंच निघालं की आप्पा, माझ्या मनात आता काही नाही, तुम्ही जा. खरंच नव्हतं का? बोलताना तरी नव्हतं. इतक्या वर्षांत एवढं मोकळं रडलेच नव्हते मी.

कावळा तरीही आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

येताना रिक्षात आईने माझ्या हातात एक फोटो ठेवला, माझ्या लेकाचा, शाळेच्या युनिफॉर्ममधला. आप्पांच्या पाकिटात सापडला म्हणाली. कडा पार झिजल्यात त्याच्या.