उजनीत कीलची नाव नेऊ नका: तीन दिवसांच्या शिडाच्या सफरीचा वृत्तांत

सोलापूरहून टेंभुर्णीमार्गे भीमेवरच्या उजनी धरणावर शिडाची नाव घेऊन जाण्याचा विचार करणाऱ्यांना सर्वांत आधी एकच गोष्ट सांगतो. नावेच्या तळाखाली कायमची बसवलेली कील, म्हणजे पाण्यात खाली उतरलेले जड पाते असेल, तर ती नाव या पाण्यात आणू नका. आम्ही दोघे मावसभाऊ जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तीन दिवस तेथे होतो. परत येऊन चार दिवस झाले, तरी दोराने सोललेले तळहात अजून भरलेले नाहीत.

आमची नाव एकवीस फुटांची, जुनी आणि समुद्रावर वापरलेली होती. धरणाच्या शांत पाण्याला हिच्याइतकी सुरक्षित नाव नाही, असे विकणाऱ्याने आम्हाला ठामपणे सांगितले होते. हैदराबादच्या हुसेनसागरात सेंटरबोर्डच्या, म्हणजे वर घेता येणाऱ्या पात्याच्या लहान नावांवर शिकलेल्या आम्हा दोघांना ते पटलेही, कारण अर्धे सत्य त्यात होते. वारा बाजूने ढकलत असताना कील नावेला आडवी सरकू देत नाही आणि खालच्या वजनामुळे कललेली नाव पुन्हा सरळ होते. खोल पाण्यात यासारखा आधार नाही. पण त्यासाठी पाण्याखाली जागा लागते. जे/२४ या चोवीस फुटी नावेला १.२२ मीटर पाणी लागते, आमच्या नावेला १.१ मीटर लागत होते. हा आकडा ऐकून कोणीही म्हणेल की एवढ्या मोठ्या धरणात मीटरभर पाण्याची काय कमतरता.

येथेच फसगत होते. उजनीची टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. हा साठा सुमारे ५३ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्याखाली सुमारे ६३ टीएमसी मृत साठा आहे, त्यामुळे शून्य टक्क्यालाही भीमेच्या जुन्या पात्रात भरपूर पाणी असते. मात्र समुद्रसपाटीपासून मोजलेली शून्य टक्क्याची पातळी ४९१.०३ मीटर आणि पूर्ण भरल्याची ४९६.८३ मीटर, म्हणजे फरक सहा मीटरांहूनही कमी आहे. काठ इतके सपाट आहेत की पातळी थोडी चढली तरी पाणी शेतात दूरवर शिरते. आम्ही गेलो तेव्हा पाणी नुकतेच वर येऊ लागले होते, म्हणजे जे विस्तीर्ण पाणी डोळ्यांना दिसत होते, त्यातील बराचसा भाग महिनाभरापूर्वी कोरडी जमीन होता. त्याखाली वेड्या बाभळी उभ्या होत्या, बांध होते आणि ओसरत्या पाण्यामागे पुढे नेलेल्या शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप व केबलीही होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी धरणाच्या भिंतीपासून बरेच वर, दोन सपाट काठांमध्ये पाणी अरुंद होते तेथे आमचे साडेतीन तास गेले. पावसाळ्यात या भागात वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे धरणाकडून भिगवणच्या दिशेने जाणाऱ्याला वारा पुढून मिळतो. शिडाची नाव थेट वाऱ्यावर चालत नाही. सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन धरून एकदा या काठाकडे, एकदा त्या काठाकडे असे नागमोडी जावे लागते, आणि प्रत्येक वळणाला नाव उथळाकडेच जाते. आमच्या हातातील वारामापकावर अठरा ते वीस नॉट (ताशी सुमारे ३३ ते ३७ किलोमीटर) दिसत होते. मोकळ्या लांब पाण्यावरून आलेल्या आखूड, उभ्या लाटा नावेच्या पुढच्या टोकावर आदळत होत्या. होडीतून जाळे ओढणारे एक मासेमार "ओ मालक, तिकडं जाऊ नका, खाली बाभळी हायती," असे ओरडले, तोवर कील अडकलेली होती.

अडकल्यावर पहिली चूक आम्हीच केली, शीड ताणून जोर लावला आणि वाऱ्याने नाव आणखी आत गेली. तसे करू नका. शीड ताबडतोब सोडा, दोघांनी एकाच बाजूला बाहेर झुकून नाव कलती करा, म्हणजे कीलचे टोक वर येते, आणि मग नांगर होडीतून खोल बाजूला टाकून दोराने खेचून घ्या. हा उपाय एकाच मधल्या कीलसाठी आहे. दुहेरी कीलची नाव कलती केली तर एक टोक उलट अधिक खाली जाते. पाण्यात उतरून पायाने चाचपडण्याचा मोह मात्र कोणीही करू नये, खाली मोटारीची केबल आहे की नाही हे वरून कळत नाही.

मुक्कामाच्या जागेचा खर्चही कीलमुळेच वाढला. सेंटरबोर्डची हलकी नाव चौघांनी उचलून काठावर उपडी ठेवता येते, तिला रात्रीचे भाडे कसले? कीलची नाव पाण्यातच ठेवावी लागते. मरीनामध्ये, म्हणजे नावांच्या खास बंदरात, नाव बांधण्याच्या जागेचे भाडे नावेच्या लांबीवर ठरते आणि त्यात सहसा धक्का, पाणी, वीज व पहारा मिळतो. येथे काठावरच्या एका माणसाने रात्रीचे पाचशे रुपये सांगितले आणि निघताना राखण, दोर बांधण्याची जागा व ट्रॅक्टर असे मिळून सहा हजार मागितले. दोन रात्रींचे ते पैसे होते आणि राखणीला दोन्ही रात्री कोणीही नव्हते. शिवाय नाव उचलायला हायड्रा (फिरती क्रेन) बोलवावी लागली, तिचे भाडे वेगळे. उतरण्यापूर्वीच राखण, जागा आणि ओढणे यांचे दर स्वतंत्र ठरवून कागदावर लिहून घ्या; एकच गोळा रक्कम मान्य करू नका.

पहिला दिवस सुखाचा गेला, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. परतीचा तिसरा दिवस पाठीवरच्या वाऱ्याने दोन तासांत संपला.

जाणाऱ्यांनी फिरत्या सेंटरबोर्डची नाव घ्यावी. बोर्ड आदळला तर तो आपोआप वर मुडपतो. सरळ खाली सरकवायचा डॅगरबोर्ड असेल तर धक्का थेट त्याच्या खाचेला बसून तळ फुटू शकतो. सुकाणूही वर मुडपणारेच हवे. १९५६ सालच्या आराखड्याची, सुमारे तेरा फुटी एंटरप्राइज जातीची नाव दोघांना पुरेशी आहे. सकाळी सहाला पाण्यात उतरा आणि उलट वाऱ्याचा टप्पा दहापूर्वी संपवा.

एप्रिल-मे महिन्यांत मात्र कोणत्याही नावेने जाऊ नका. वळवाचा ढग उठला की त्याच्या पुढे धावणारा वारा काही मिनिटांत दिशा आणि जोर दोन्ही बदलतो. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा बळी गेला. शिवाय त्या दिवसांत पाणी खाली गेलेले असते आणि पळसदेवचे जुने मंदिर वर येते, म्हणजे त्याच्या आसपासचे पाण्याखालचे दगडही पृष्ठभागाच्या जवळ आलेले असतात. जुलैत निघालात तर लाइफ जॅकेट पहिल्या मिनिटापासून अंगात ठेवा आणि काठावरच्या मासेमारांना बाभळींच्या जागा विचारूनच दोर सोडा.